पाव्हणीची बंडी

"आयुष्याच्या अखेरच्या तीन वर्षांत मास्तरांच्या मनाचा तोल ढळला होता. जन्मभराचे व्रत मोडून त्यांनी स्वतःच्या हातच्या सुताची वस्त्रे एका लूत लागलेल्या कुत्रीला चढविली. तथापि त्यामागे त्यांची भूतदयाच होती."

मास्तरांच्या वर्षश्राद्धानिमित्त आमच्या पवनारातून जी स्मरणिका निघत आहे तिच्या चौथ्या पानावर हा मजकूर आहे. लिहिणारा मास्तरांचा सख्खा पुतण्या. छापखान्यात जाण्यापूर्वी सर्व पाने शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे आली, कारण ज्या शाळेत मास्तरांनी सूतकताई शिकविली त्याच शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकविले. वरील तीन वाक्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. बाकी सर्व चूक आहे.

मी पुतण्याला बोलावून घेतले. तो माझा विद्यार्थी, आता बियाणे व खतांचे दुकान चालवितो. त्याने शांतपणे चहा घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, साऱ्या गावानं पाह्यलं ते. नंगी कुत्री अन् तिच्या आंगात खादीची बंडी. तुम्ही काऊन एवढं लावून धरून राह्यले?"

"गावाने पाहिले. हात कोणी लावला?"

"लूत लागली कुत्री, गुरुजी. हात कोन लावन?"

"हे वाक्य छापू नकोस."

"मंग तुम्ही लिहा न तुमचं. दोन पानं सोडतो तुमाले. पन सोमवारपर्यंत द्याजो."

म्हणून हे लिहीत आहे. वय ब्याऐंशी. दोन ओळी लिहिल्या की मान भरून येते, आणि या वयात भांडण करणे हेसुद्धा अंगमेहनतीचे काम होऊन बसते. परंतु छापलेले वाक्य माणसापेक्षा अधिक काळ टिकते, आणि हे वाक्य असेच राहिले तर पन्नास वर्षे एकच नियम पाळलेला एक माणूस नियम मोडणारा वेडा म्हणून उरेल. ते मला मान्य नाही.

मास्तरांचा नियम सांगितला पाहिजे. स्वतः कातलेले सूत एकतर स्वतःच्या अंगावर, नाहीतर फेब्रुवारीत धाम नदीच्या काठी सुताच्या लडींची जी सूतांजली वाहतात तिच्यात. तिसरी जागा नाही. "माह्या हातचं सूत माह्या आंगावर, नाई त नदीवर," असे ते म्हणत. हा नियम कोणी घालून दिला, कधी घातला, हे त्यांनी कधी सांगितले नाही व मी कधी विचारले नाही. पुतण्याचे लग्न ठरले तेव्हा त्याने मोठ्या हौसेने काकांकडे त्यांच्या सुताचे एक उपरणे मागितले. मास्तरांनी त्याला घड्याळ दिले. उपरणे दिले नाही. "लग्नात मले हातरुमाल नाई भेटला, अन् कुत्रीले बंडी," असे पुतण्या परवा जे बोलून गेला ते त्या चौथ्या पानाचे खरे मूळ होय. त्याच्या मनात वीस वर्षांपूर्वीचे उपरणे अजून वाळत पडले आहे. मी त्याला दोष देत नाही. फक्त त्याचे वाक्य खोडतो.

दुसरा नियम त्याहून जाचक होता. ज्या कापडाचे सूत कातणारा माणूस ठाऊक नाही ते कापड त्यांच्या घरात येत नसे. खादी भांडारातली खादी देखील नाही. "कोनं कातलं, रडत कातलं का हासत कातलं, काय मालूम?" या नियमामुळे त्यांच्या घरात चादरी कमी व चटया जास्त होत्या. अंथरायला-पांघरायला एक घोंगडी, तीही ज्याच्या मेंढ्यांची लोकर त्याच धनगराने समोर बसून विणलेली.

आता सुताविषयी. सुताचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. मास्तर बारा नंबरचे सूत कातीत. दोरीच म्हणा. त्यांचे धोतर वाळल्यावर भिंतीला टेकवून ठेवता आले असते. मी त्यांच्यापाशीच कातायला शिकलो, परंतु माझा हात हलका पडला आणि मी पुढे चाळीसपर्यंत गेलो. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. एकदा शिक्षकांच्या खोलीत, सर्वांसमक्ष, मी माझ्या सुताची गुंडी, म्हणजे लड, त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठ्याने चाचपली आणि परत दिली.

"पंडितजी, हे सूत नोहे," ते म्हणाले. "हे फुशारकी हाय. याच्या धोतरातून मानसाचा सोभाव दिसते."

सगळे हसले. मी तीस वर्षे त्या वाक्याला उत्तर तयार करीत होतो. चांगली उत्तरे सुचली. एकही देण्याची वेळ आली नाही, कारण मास्तर त्या विषयावर पुन्हा बोललेच नाहीत. ते मला "पंडितजी" म्हणत, मी त्यांना "मास्तर" म्हणे, आणि निवृत्तीनंतरही रोज सायंकाळी आम्ही पुलापर्यंत सोबत चालत जात असू. मैत्री होती असे लोक म्हणतात. तेही मी तपासून घेतले असते; पण ते राहू द्या.

कुत्रीविषयी लोकांच्या तीन आवृत्त्या आहेत आणि तिन्ही खोट्या. पहिली म्हणते ती भटकी होती; ती भटकी नव्हती. मास्तरांच्या समोरच्या दोन खोल्यांत कारखान्यात नोकरीला असलेले एक तरुण जोडपे भाड्याने राहत होते. ती त्यांची कुत्री. जात मेक्सिकोकडची, जन्मतःच बिनकेसांची. डोक्यावर चार राठ केस, अंग राखी, पाटीच्या दगडासारखे, आणि हात लावला तर ताप असल्यासारखे कढत. त्यांनी तिला परदेशी नाव ठेवले होते. एक दिवस ती मुलगी मास्तरांना म्हणाली, "काका, आम्हाला तातडीने बाहेरदेशी जावं लागतंय. हिला पंधरा दिवस बघाल?" मास्तर "हो" म्हणाले. ती माणसे परत आली नाहीत. काही महिने फोन आले, मग तेही थांबले.

भूतदयेचा तर प्रश्नच नव्हता. मास्तरांना कुत्रे आवडत नसे. चरख्याजवळ कुत्रे फिरकले की ते काठी आपटीत. या कुत्रीला त्यांनी कधी मांडीवर घेतले नाही, कधी लाडाने हाक मारली नाही. परदेशी नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते तिला "पाव्हनी" म्हणू लागले. पंधरा दिवसांची पाहुणी, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी सहाला तिला नदीवर न्यायचे, ऊन चढण्याच्या आत परत आणायचे, कारण आमच्याकडच्या उन्हात तासाभरात तिच्या पाठीची साल निघत असे. परतल्यावर ओल्या फडक्याने अंग पुसायचे. हे फडके म्हणजे शेजारणीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. आतल्या खोलीत तो कधी गेला नाही. बाहेर मोरीपाशी खुंटीला टांगलेला असे. मे महिन्यात पाण्याचा माठ ज्या ओल्या रेतीत ठेवतात त्या रेतीचा ढीग त्यांनी दुप्पट केला आणि अर्धा तिला दिला. माठाला टेकून ती दुपारभर बसे.

प्रारंभी त्यांनीही तिला आजारीच समजून वर्ध्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. मी सोबत होतो. पवनारहून बसने. वाहकाने कुत्रीला पाहिले, मग आम्हा दोघांना पाहिले आणि मागच्या बाकाकडे बोट केले. डॉक्टरांनी तिला उलटसुलट करून तपासले व म्हणाले की ही जातच अशी असते. हिला काहीही झालेले नाही.

"काईच नाई?" मास्तरांनी विचारले.

"काही नाही. तेल जास्त लावू नका, फोड येतील. उन्हाला जपा. थंडीत मऊ सुती काहीतरी अंगावर घाला."

मास्तर म्हणाले, "मंग लोकाईले काय झालं?"

लोकांना जे झाले होते ते बरे होण्यासारखे नव्हते. केस नाहीत म्हणजे लूत, हे आमच्या भागात प्रत्येकाला ठाऊक. प्रत्येकापाशी औषधही होते. कोणी करंजीचे तेल सुचवी, कोणी गंधक, कोणी निंबाच्या पाल्याचा काढा. बायका मुलांना ओढून पलीकडच्या बाजूने नेत. मास्तर फाटकाशी उभे राहून सांगत, "जात हाय तिची. तुही चामडी कशी काळी हाय, तशी तिची बिनकेसाची." याने औषधे थांबली नाहीत, फक्त ती मास्तरांना न विचारता आणली जाऊ लागली.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने ते केले. मास्तर पोस्टात गेले होते. पाहुणी अंगणात सावलीत निजली होती. त्याने ट्रॅक्टरमधून काढलेले जळके ऑईल डबाभर आणले आणि फडक्याने तिच्या अंगभर माखले. लुतीवर गावात हेच लावतात. त्याने स्वतःच्या बैलालाही लावले असते. आजही तो पारावर सांगतो, "माह्या औशदानं वाचली ते कुत्री." ही दुसरी खोटी आवृत्ती, तीही येथेच खोडून ठेवतो; तिसरी पुतण्याची, चौथ्या पानावरची. वाचली ती त्याच्या औषधातून वाचली.

मास्तर परतले तेव्हा मी तेथे पोचलो होतो. आम्ही दोघांनी बेसन लावून, शिकेकाई लावून, कोमट पाण्याने सायंकाळपर्यंत ते काळे वंगण काढले. ती कण्हत नव्हती, थरथरत होती. दुसऱ्या दिवशी तिचे अंग लाल झाले, चौथ्या दिवशी काखेत व पोटावर कातडी सुटू लागली. मी ट्रॅक्टरवाल्याकडे जाण्यासाठी चप्पल घातली. मास्तरांनी मला अडविले.

"कायले जाता?"

"त्याला विचारायला."

"त्यानं पुन्यच केलं, पंडितजी. पाप करनाऱ्याले काठी दाखवता येते. पुन्य करनाऱ्यापासून जनावर कसं वाचवावं?"

मी चप्पल काढली. त्या दिवसापासून मास्तरांनी पोस्टात, बँकेत, कोठेही जाणे बंद केले. सायंकाळचे पुलापर्यंतचे फिरणे देखील. यालाच पुतण्या मनाचा तोल ढळणे म्हणतो.

त्याचा दुसरा पुरावा असा की, तीन वर्षे झाली तरी मास्तर "पंधरा दिवस" म्हणत राहिले. हे खरे आहे. पारावरची मंडळी मुद्दाम विचारीत, "मास्तर, हिची मालकीन कवा येनार?" मास्तर उत्तर देत, "पंधरा दिवसानं." मंडळी एकमेकांकडे पाहून हसत. बिचाऱ्याचा हिशेब सुटला, असा निष्कर्ष निघाला. मी एकदा चिडून त्यांना म्हणालो की तुम्ही लोकांना हसायला जागा कशाला देता. ते चरख्यावरून मान वर न करता म्हणाले, "शबुद देल्ला तवा पंधरा दिवसाचा देल्ला. थे आले नाई हे त्याईचं. माहे पंधरा दिवस थे येईपर्यंत कसे संपतीन?" ज्याच्या मनाचा तोल ढळला आहे असा माणूस इतके सरळ वाक्य बोलू शकत नाही. मी व्याकरण शिकविले आहे. मला ठाऊक आहे.

त्या वर्षी मार्गशीर्षातच थंडी उतरली. नदीकाठी घर, पहाटे अंगणातल्या बादलीचे पाणी बोटाला चावे. पाहुणीच्या अंगावर नवी, गुलाबी, पापुद्र्यासारखी कातडी आली होती. घोंगडी तिला सोसेना. तिच्यावर टाकली की ती उठून उभी राही आणि रात्रभर उभीच राही. बाजारातला स्वेटर मास्तरांच्या घरात येणे शक्य नव्हते. स्वतःच्या धोतराचा तुकडा फाडून तिला गुंडाळणे नियमाने शक्य नव्हते, आणि नियम नसता तरी बारा नंबरच्या त्या खरखरीत कापडाने ती कातडी पुन्हा सोलली असती. काही दिवस त्यांनी एक पळवाट काढली. कुत्रीला पोटाशी धरायचे आणि दोघांवरून स्वतःचे उपरणे स्वतःच्याच अंगावर घ्यायचे. उपरणे मास्तरांच्या अंगावर. कुत्री मध्ये, त्यांच्या उघड्या पोटाला टेकलेली. व्रत शाबूत. मी सांगतो, जिल्ह्यातल्या कोणत्याही वकिलाला ही पळवाट सुचली नसती. परंतु सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस दिवसरात्र तसा बसू शकत नाही. त्यांना खोकला लागला. पाहुणीने अन्न सोडले.

आणि एके दिवशी सकाळी मास्तर माझ्या ओसरीवर आले. तसेच, उपरण्याखाली तिला घेऊन. कित्येक दिवसांत ते प्रथमच घराबाहेर पडले होते. माझी सून चहा घेऊन आली, त्यांनी घेतला. कपाशीला बोंडे किती आली, तुरीवर अळी आहे का, बसचे वेळापत्रक का बदलले, असे सारे बोलून झाले. मास्तर विनाकारण बोलणारे नव्हते. मी वाट पाहत राहिलो.

शेवटी ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "पंडितजी, तुमचं ते सूत हाय का थोडं?"

"कोणते सूत?"

"तेच. फुशारकीचं."

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्यापाशी मागितलेली ही पहिली वस्तू. माझ्यापाशी एका धोतराला पुरेल इतके सूत साठले होते. दोन वर्षांची कताई. डोळे अधू होत चालल्याने ते माझे शेवटचे बारीक सूत असणार हे मला कळत होते. त्या क्षणी माझी तीस वर्षांची सर्व तयार उत्तरे, अलंकारांसह, माझ्या समोर उभी होती. मी आत गेलो आणि गुंड्यांची पिशवी आणून त्यांच्या पुढे ठेवली.

त्यांनी एक गुंडी उचलली. या वेळी उजेडात धरली नाही. उपरणे बाजूला करून पाहुणीच्या मानेवर, जेथे कातडी सर्वांत नवी होती तेथे, हळूच फिरविली. ती हलली नाही. मास्तरांनी पुन्हा फिरविली.

"मऊ हाय," ते म्हणाले.

मग पिशवीचे तोंड बांधीत म्हणाले, "कातनारा ठाऊक हाय, म्हंजे घरात येऊ शकते. पन कोनाले सांगू नोका. लोक म्हनतीन, मास्तर हारला."

"कोणाला हरलात?"

"तुमाले. आनखी कोनाले?"

मी शब्द दिला. गावातल्या विणकराने पुढच्या आठवड्यात कापड विणले आणि दिवसभर कुरकुर केली की मनुष्याच्या धोतराचे सूत जनावराला कोण घालतो. तो विणकर आता मुलीकडे वडनेरला असतो. ज्याला विचारायचे आहे त्याने विचारावे. मास्तरांनी स्वतः बंड्या शिवल्या, उलटी शिवण ठेवून, म्हणजे टाका अंगाला लागू नये. मी त्या हिवाळ्यात जुनेच धोतर नेसलो, दोन ठिकाणी फाटले तेथे जोड शिवून, दांड घालून. सुनेने विचारले, "बाबा, नवं धोतर विनाले टाकनार होते न?" मी म्हणालो, सूत कमी पडले.

फेब्रुवारीत मास्तरांनी नेहमीप्रमाणे नदीवर स्वतःची बारा नंबरची गुंडी वाहिली. पाहुणी बंडी घालून त्यांच्या पायाशी बसली होती. आसपास शे-दीडशे माणसे होती. सूत ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, अंधारात चाचपून नंबर सांगू शकतील अशी. सर्वांनी बंडी पाहिली. सर्वांनी मान हलविली. लुतीच्या भयाने एकानेही हात पुढे केला नाही. मी मास्तरांकडे पाहिले, ते नदीकडे पाहत होते. मी गप्प राहिलो. मास्तर गेल्यावर शोकसभेत पुतण्या हेच बोलला, तेव्हाही गप्प राहिलो. आता हे छापले जात आहे. त्यांनी शब्द पाळला हे सांगण्यासाठी मला माझा शब्द मोडावा लागत आहे, आणि या व्यवहारात हरले कोण ते त्यांनीच ठरविले असते.

पाहुणी आता माझ्याकडे आहे. पुतण्या म्हणाला, "गुरुजी, न्या बाप्पा तुम्ही, मले नाई जमत." सकाळी सहाला मी तिला नदीवर नेतो, तिच्याहून मीच हळू चालतो. ओले फडके, सावली, माठाजवळची रेती, सारे तसेच. वाकून तिचे पाय पुसताना कंबर धरते, मग मी आणि ती दोघेही थोडा वेळ तसेच थांबतो. पारावरून कोणी विचारले की मालकीण केव्हा येणार, तर मी सांगतो, पंधरा दिवसांनी.

मास्तरांनी जन्मात बारा नंबरच्या वर सूत कातले नाही. हे पुतण्याला, ट्रॅक्टरवाल्याला आणि साऱ्या पवनाराला ठाऊक आहे. तेव्हा ज्याला चौथ्या पानावरचे वाक्य छापायचे आहे त्याने आधी माझ्या ओसरीवर यावे. ती तेथे बसलेली असते. लूत नाही, कधीही नव्हती. न भिता हात पुढे करावा व काठ बोटांत धरून चाचपावा. बंडीचे सूत चाळीस नंबरचे आहे.